नावामागचे गाव

शाळेचा पहिला दिवस. हजेरीपट हाती घेऊन शिक्षक एकेक नाव वाचत असतात. मंजुनाथ, श्रुती, इम्रान, लक्ष्मी, नवीन, मेरी. नावे भरभर पुढे सरकतात. मग एका नावापाशी त्यांचा आवाज अडखळतो. ते नाव दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी उच्चारले जाते, वर्गात खसखस पिकते आणि शेवटच्या बाकावरचा एक मुलगा संकोचाने उभा राहतो. समजा, त्याचे नाव सोपान आहे आणि ही शाळा बेंगळुरूतील आहे. इंग्रजी माध्यमातील सोबत्यांना त्या नावात पहिल्यांदा ‘सोप’ म्हणजे साबण ऐकू येतो. त्या दिवसापासून पुढची दहा वर्षे हा मुलगा आपले नाव सांगताना ते एकदा उच्चारतो, एकदा अक्षरे फोडून सांगतो आणि नंतर अर्थही सांगतो. बाकीच्या मुलांना एका शब्दात जे जमते, त्यासाठी त्याला तीन वाक्ये खर्चावी लागतात.

हाच मुलगा सुट्टीत आजोळी सासवडला गेला, तर चित्र पालटते. तेथे ज्ञानेश्वरांचे धाकटे बंधू सोपानदेव यांची समाधी आहे. आषाढी वारीसाठी त्यांची पालखी तेथूनच पंढरपूरला निघते. त्या गावात सोपान हे नाव कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. नाव तेच, मुलगा तोच. केवळ गाव बदलले. यावरून एक गोष्ट ध्यानात येते. नावाचे दुर्मिळपण बहुधा नावात नसते. ते नाव जेथे रुजले ती भूमी आणि जेथे ते हाक म्हणून ऐकू येते ती भूमी, यांच्यामधील अंतरात ते असते. गंमत अशी की सोपान हा शब्द कन्नडमध्येही आहे आणि त्याचा अर्थही पायरी किंवा जिना असाच आहे. वर्गातल्या कोणी तो अर्थ आठवून सांगितला असता, तर हसण्याचे कारणच उरले नसते.

काही नावे मात्र सर्वत्रच अनोखी असतात, कारण आईवडिलांनी ती मुद्दाम वेगळी योजलेली असतात. थोर समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांचा जन्म १९०५ साली ब्रह्मदेशात झाला. त्यांचे वडील तेथे नोकरीला होते. त्या देशातील सर्वांत मोठ्या नदीचे, इरावतीचे नाव त्यांनी मुलीला ठेवले. गंगा, गोदावरी, कृष्णा, यमुना ही नद्यांची नावे मराठी घरांत जुनीच होती. इरावती हे नाव मात्र पुण्याच्या वाड्यांतून ऐकू येणारे नव्हते. पुढे याच विदुषीने भारतातील नातेसंबंधांची आणि कुटुंबरचनेची शास्त्रशुद्ध पाहणी केली. कन्नडचे महाकवी कुवेंपू यांनीही आपल्या मुलाचे नाव पूर्णचंद्र तेजस्वी आणि दुसऱ्या मुलाचे कोकिलोदय चैत्र असे ठेवले. अशा नावांतून आईवडिलांची आवड आणि त्या काळातील त्यांची स्वप्ने मुलाबरोबर आयुष्यभर चालत राहतात. म्हणून अनोख्या नावाच्या मुलाच्या मनात एक प्रश्न इतरांपेक्षा लवकर उगवतो. ‘मला हे नाव कोणी दिले आणि का?’ त्या प्रश्नाचा माग काढत गेले की माणूस आपल्या घराण्याच्या इतिहासापाशी येऊन पोहोचतो.

बेंगळुरूत वाढणाऱ्या मराठी मुलाला आणखी एका कोड्याला तोंड द्यावे लागते. त्याच्या वर्गातील अनेक मुलांना आडनावच नसते. त्यांच्या नावाआधी एक-दोन अक्षरे असतात. ही अक्षरे बहुधा गावाची आणि वडिलांच्या नावाची असतात. माजी पंतप्रधान एच. डी. देवेगौडा यांच्या नावातील ‘एच’ म्हणजे हरदनहळ्ळी हे गाव आणि ‘डी’ म्हणजे वडील दोड्डेगौडा. कुवेंपू हे टोपणनावही असेच बनले. कुप्पळी हे गाव, वेंकटप्पा हे वडील आणि पुट्टप्पा हे स्वतःचे नाव, या तिन्हींची आद्याक्षरे त्यात एकत्र आली आहेत. ज्ञानपीठ पुरस्काराचे मानकरी मास्ती वेंकटेश अय्यंगार यांना तर कर्नाटक केवळ ‘मास्ती’ म्हणून ओळखते. मास्ती हे त्यांचे गाव. ख्यातनाम अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे उदाहरण विशेष बोलके आहे. त्यांचा जन्म मुद्देनहळ्ळीचा, शिक्षण बेंगळुरू व पुणे येथील आणि खडकवासल्याच्या धरणावरील स्वयंचलित दरवाजे ही त्यांची आरंभीच्या काळातील कीर्ती. मोक्षगुंडम हे आजच्या आंध्र प्रदेशातील गाव त्यांच्या पूर्वजांनी केव्हाच सोडले होते. तरी ते गाव ‘एम’ या एका अक्षराच्या रूपाने त्यांच्याबरोबर राहिले.

मराठी रीत वेगळी दिसते. तिचा आशय मात्र फारसा वेगळा नाही. मराठी माणूस आधी स्वतःचे नाव सांगतो, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव. त्या आडनावाच्या टोकाला ‘कर’ असेल, तर त्याच्याआधी बहुतेक वेळा एक गाव असते. कन्नड माणूस गावापासून निघून स्वतःपर्यंत येतो. मराठी माणूस स्वतःपासून निघून गावापर्यंत जातो. वाट एकच, फक्त प्रवासाची दिशा उलटी. वर्गातील मुले एकमेकांच्या नावांना हसण्याऐवजी ही साधी गोष्ट समजून घेतील, तर प्रत्येकाच्या नावात एक नकाशा लपलेला त्यांना दिसेल.

सर्वच मराठी आडनावे अर्थातच गावावरून आलेली नाहीत. कुलकर्णी, देशपांडे, पाटील, देशमुख ही आडनावे जुन्या कारभारातील अधिकारपदांची आहेत; सुतार, सोनार, लोहार ही व्यवसायांची आहेत. पण गावावरून आलेल्या आडनावांचा एक विशेष आहे. गावात राहणाऱ्याला त्या गावाच्या नावाने ओळखण्याची सहसा गरज पडत नाही, कारण तेथे सगळेच त्या गावचे असतात. वतनदार घराण्यांचा अपवाद सोडला, तर ‘अमुककर’ ही ओळख माणूस दुसऱ्या मुलखात गेल्यावरच खरी कामाची ठरते. अशा आडनावात गावाबरोबर गाव सोडल्याची आठवणही साठवलेली असते. दुष्काळ, चाकरी, लढाई, लग्न यांपैकी कोणत्या तरी कारणाने कोणी तरी एके दिवशी घराला कुलूप लावले आणि मागे राहिलेले गाव नावाला बांधून नेले.

बेंगळुरूशी मराठी माणसाचा असा संबंध फार जुना आहे. १६३८ साली विजापूरच्या आदिलशाही फौजेने हे ठाणे जिंकले आणि ते शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आले. त्यांचे पुत्र व्यंकोजी यांनी पुढे तंजावरला राज्य स्थापन केले. ते १८५५ पर्यंत टिकले. या राज्यांबरोबर असंख्य मराठी कुटुंबे दक्षिणेत गेली. तेथे त्यांची भाषा घरात राहिली. मात्र नावे नव्या मुलखाच्या रीतीला लागली. अनेकांची आडनावे मागे पडली आणि नावापुढे केवळ ‘राव’ उरले. त्रावणकोर, इंदूर व बडोदे या संस्थानांचे दिवाण टी. माधवराव यांच्या नावातील ‘टी’ म्हणजे तंजावर. १९०६ ते १९०९ या काळात म्हैसूर संस्थानाचे दिवाण असलेले व्ही. पी. माधवराव हेही कुंभकोणमच्या मराठी कुटुंबातले. त्यांचे पूर्ण नाव विश्वनाथ पाटणकर माधवराव असे होते. घराण्याचे ‘पाटणकर’ हे आडनाव ‘पी’ या एका अक्षरात सामावून गेले होते. ज्याला ते अक्षर उलगडता येत नाही, त्याला त्या नावात मराठी मुलखाचा मागमूसही लागत नाही.

नावांचा प्रवास कधी याच्या उलटही होतो. नामवंत क्रिकेटपटू राहुल द्रविड यांचा जन्म १९७३ साली इंदूरच्या मराठी कुटुंबात झाला आणि ते वाढले बेंगळुरूत. ‘द्रविड’ या शब्दाचा अर्थच दक्षिणेकडचा. दक्षिणी माणसाला वेगळे ओळखण्यासाठी असे नाव उत्तरेकडच्या मुलखातच उपयोगी पडते. ते आडनाव घेऊन एक मराठी मुलगा पुन्हा दक्षिणेत वाढला आणि तेथील रणजी संघाचा आधार बनला. आडनावाच्या चिमुकल्या शब्दात किती ये-जा साठलेली असू शकते, याची यावरून कल्पना येते.

याच शहरात १२ डिसेंबर १९५० रोजी आणखी एका मराठी घरात एक मुलगा जन्मला. त्याचे नाव शिवाजीराव गायकवाड. छत्रपतींच्या नावावरून ठेवलेले हे नाव घेऊन त्याने बेंगळुरूच्या बसमध्ये वाहकाचे काम केले. पुढे तो तमिळ चित्रपटात गेला, तेव्हा तेथे शिवाजी या नावाचा एक महान नट आधीच होता. मौज अशी की शिवाजी गणेशन हे त्या नटाचेही जन्मनाव नव्हते. १९४० च्या दशकात एका नाटकात त्यांनी शिवाजी महाराजांची भूमिका इतकी उत्तम वठवली की पेरियार यांनी त्यांना ‘शिवाजी’ म्हणून गौरवले आणि ते नाव त्यांना कायमचे चिकटले. म्हणून दिग्दर्शक के. बालचंदर यांनी आपल्या जुन्या चित्रपटातील एका पात्राचे नाव या नव्या नटाला दिले. १९७५ साली पडद्यावर आलेला तो नट म्हणजे रजनीकांत. ज्याला जन्माने शिवाजी हे नाव मिळाले होते त्याला ते सोडावे लागले आणि ज्याने ते गुणांनी मिळवले होते त्याच्यापाशी ते राहिले. नावावर माणसाचा हक्क किती आणि कसा, हा प्रश्न या घटनेतून सहज उभा राहतो.

रजनीकांत यांनी नवे नाव स्वीकारले आणि त्याचे सोने केले. पण नाव बदलण्याची संधी आणि नाव बदलले जाण्याची सक्ती यांत फार अंतर आहे. महाराष्ट्रात लग्नानंतर वधूचे नाव बदलण्याची प्रथा दीर्घकाळ चालली. रमाबाई रानडे यांचे माहेरचे नाव यमुना. भारतातील पहिल्या स्त्री डॉक्टरांपैकी एक असलेल्या आनंदीबाई जोशी यांचेही माहेरचे नाव यमुना. एकाच नावाच्या दोन मुली. दोघींची लग्ने लहान वयात झाली आणि दोघींचीही यमुना माहेरी राहिली. इतिहासाने रमाबाई आणि आनंदीबाई यांना मोठ्या आदराने लक्षात ठेवले. त्या दोन यमुनांना मात्र कोणी विचारले नाही. घराण्याचा शोध घेणाऱ्याला पुरुषांची नावे सात पिढ्यांपर्यंत सापडतात आणि पणजीचे माहेरचे नाव मात्र कोणालाच आठवत नाही, हा अनुभव आजही घरोघरी येतो.

याहून क्लेशकारक नावेही मराठी समाजाने ठेवली. मुले जगत नसत तेव्हा जन्मलेल्या मुलाचे नाव दगडू, धोंडू, कचरू असे ठेवले जाई. त्याच्यावर वाईट दृष्टी पडू नये, ही त्यामागची माया होती. परंतु मुलाच्या आशेने वाट पाहणाऱ्या घरात पुन्हा मुलगी झाली, तर तिचे नाव नकोशी ठेवण्याची रीत मायेतून आलेली नव्हती. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. शाळेच्या हजेरीत रोज ‘नकोशी’ या हाकेला ‘हजर’ म्हणणाऱ्या मुलीच्या मनात काय चालत असेल, याची कल्पनाही अस्वस्थ करते. नाव म्हणजे केवळ खूण आहे, असे म्हणणाऱ्यांनी या मुलींचा विचार करावा.

आडनावाचीही अशीच एक सावली आहे. आपल्याकडे आडनाव विचारण्यामागे पुष्कळदा जात जाणून घेण्याची इच्छा असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या वडिलांचे आडनाव सकपाळ; कुटुंबाचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. ज्या आडनावाने ते जगाला माहीत झाले, त्याला पुढे कोट्यवधी लोकांच्या आत्मसन्मानाचे मोल आले. जन्माने लाभलेल्या नावापेक्षा माणसाच्या कार्याने नावाला लाभणारे मोल मोठे असते, याचे याहून ठसठशीत उदाहरण सापडणे कठीण. म्हणून आडनावाचा शोध घेताना एक पथ्य पाळले पाहिजे. हा शोध स्वतःला जाणून घेण्यासाठी असावा. दुसऱ्याला जोखण्यासाठी किंवा स्वतःचे श्रेष्ठत्व मिरवण्यासाठी तो कधीही नसावा.

या साऱ्यावर काही जण म्हणतात की आजच्या धावपळीच्या जगात नावांचा एवढा खल कशाला करावा? मुलाला सोपे, सगळ्यांना जमेल असे नाव द्यावे म्हणजे झाले. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. परक्या मुलखात वाढणाऱ्या मुलाला रोज उठून आपले नाव समजावून सांगण्याचा शीण येतो आणि तो शीण आईवडिलांना नव्हे, त्या मुलालाच सोसावा लागतो. नाव ठेवताना याचा विचार जरूर व्हावा. शासनाच्या राजपत्रात प्रसिद्धी देऊन नाव बदलण्याची कायदेशीर सोयही आहे आणि सज्ञान व्यक्तीने ती वापरली, तर त्यात कमीपणा नाही. पण दुसऱ्यांना उच्चार करण्याचा आळस आहे, एवढ्याच कारणासाठी कोणाला आपले नाव टाकावे लागू नये. जी जीभ परदेशी खेळाडूंची आणि शास्त्रज्ञांची लांबलचक नावे बिनचूक उच्चारते, तिला शेजारच्या बाकावरील मुलाचे तीन अक्षरी नाव जड जाण्याचे कारण नाही.

अडचण केवळ माणसांच्या जिभेचीच नाही, कागदांचीही आहे. महाराष्ट्राच्या शालान्त परीक्षेच्या गुणपत्रिकेत आडनाव आधी येते. आधार कार्डावर संपूर्ण नाव एकाच ओळीत येते. पारपत्रावर नाव आणि आडनाव यांचे रकाने वेगळे असतात. ज्याला आडनावच नाही, त्या कन्नड किंवा तमिळ माणसाने त्या रकान्यात वडिलांचे नाव लिहावे की गावाचे, असा पेच पडतो. मग एकाच माणसाची तीन कागदांवर तीन नावे होतात आणि नोकरीच्या किंवा प्रवेशाच्या वेळी ‘हे तिघेही एकच’ असे प्रतिज्ञापत्र करावे लागते. नाव कसे असावे हे रकान्याने ठरवू नये; रकाना नावांना सामावून घेणारा असावा. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचेही नाव घालण्याचा निर्णय झाला आहे. स्वागतार्ह अशा या निर्णयाची एक सुंदर खूण कर्नाटकात फार पूर्वीच उमटली होती. धारवाडच्या मराठी घरात जन्मलेले कन्नड महाकवी द. रा. बेंद्रे आपली कविता ‘अंबिकातनयदत्त’ या नावाने लिहीत. अंबिकेचा मुलगा दत्त. मायबोली मराठी, कविता कन्नड आणि नावात आई.

तेव्हा आपल्या नावाचा शोध प्रत्येकाने घ्यावा, हे इष्टच आहे. त्यासाठी मोठ्या ग्रंथालयाची गरज नाही. आजीला तिचे माहेरचे नाव आणि गाव विचारावे. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर अशा क्षेत्री उपाध्यायांकडे यात्रेकरू घराण्यांच्या नोंदीच्या वह्या असतात. अनेक घराण्यांचे कुलवृत्तान्त छापलेले असतात. जमिनीच्या जुन्या कागदांत आजोबा-पणजोबांची नावे असतात. कुलदैवत विचारले, तर आणखी वाट सापडते. मराठी घरात ज्याला खंडोबा म्हणतात, त्यालाच कर्नाटकात मैलार आणि आंध्र-तेलंगणात मल्लण्णा म्हणतात, हे कळल्यावर भाषांच्या सीमा वाटल्या तितक्या उंच नाहीत, हेही उमगते.

शोधात सावधपणा मात्र हवा, कारण घराण्यात सांगितली जाणारी प्रत्येक कथा खरी असतेच असे नाही. याचा दाखला बेंगळुरू शहरच देते. एका होयसळ राजाला रानात एका वृद्धेने उकडलेल्या शेंगांचे दाणे खायला दिले, म्हणून हे ‘बेंद काळूंचे ऊरु’, म्हणजे उकडलेल्या दाण्यांचे गाव, अशी गोड कथा सांगतात. परंतु शहराजवळच्या बेगूर येथील इसवी सन ८९० च्या सुमारास कोरलेल्या शिलालेखात बेंगळुरूचा उल्लेख आहे आणि त्या राजाचा काळ त्यानंतर सुमारे तीनशे वर्षांनी येतो. कथा जपावी, तिचा आनंद घ्यावा. पण पुरावा वेगळे सांगत असेल, तर त्याचेही ऐकावे.

याच शहराने आपल्या नावाविषयी आणखी एक धडा घालून दिला आहे. दीर्घकाळ जगाने त्याला इंग्रजी वळणाच्या ‘बँगलोर’ या नावाने हाक मारली. १ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटकातील बारा शहरांची नावे अधिकृतपणे बदलली, त्यांत हे शहर पुन्हा ‘बेंगळुरू’ झाले. सुरुवातीला अनेकांच्या तोंडी ते नाव बसेना, हळूहळू बसले. एक कोटीच्या घरात वस्ती असलेले शहर ‘माझे नाव असे आहे, ते असेच उच्चारा’ म्हणून जगाला सांगू शकते आणि जग ते शिकते. मग त्याच शहरातील एखाद्या शाळेत शेवटच्या बाकावरून उठून कोणी मुलगा आपले नाव नीट सांगत असेल, तर ते एकदा लक्ष देऊन ऐकावे आणि दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना बिनचूक उच्चारावे, एवढी अपेक्षा वावगी नाही.